गालावरचे चट्टे आणि शेंगदाण्याची भीती

पत्र: नमस्कार डॉक्टर, माझा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. सिझेरियनने झाला. दोन महिन्यांचा झाल्यापासून दोन्ही गालांवर, मानेच्या घडीत आणि हातापायांवर लाल कोरडे चट्टे आहेत, कधीकधी त्यातून पाणी येतं, रात्रभर गाल चादरीवर घासत राहतो. डॉक्टरांनी एक्झिमा सांगितलाय आणि स्टिरॉइडचं मलम दिलंय पण भीती वाटते म्हणून मी अगदी नावापुरतं लावते. नवऱ्याला लहानपणापासून दमा, मला धूळ उडाली की शिंका. बाळाला तिसऱ्या महिन्यात एकदा अँटिबायोटिक द्यावं लागलं, आणि दूध फार उलटतो म्हणून दीड महिना ॲसिडिटीचं औषध चालू आहे. नणंदेच्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे त्यामुळे सासूबाई म्हणतात याला तीन वर्षं अंडं शेंगदाणा दाखवायचा पण नाही. बाळ माझंच दूध पितं म्हणून मी स्वतःसुद्धा दूध, अंडी, शेंगदाणे सोडलेत. घरात मांजर आहे, ती देऊन टाकू का? सगळ्या ॲलर्जींची एक रक्ताची टेस्ट असते म्हणे, ती करून घेऊ का? आणि खरं सांगा, माझं नेमकं काय चुकलं?
झोप उडालेली आई

उत्तर:

अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो डोक्यात घोळत असताना बाकीचं काही आत शिरणार नाही. तुझं काही चुकलेलं नाहीये. सिझेरियन, नवऱ्याचा दमा, अँटिबायोटिक असं तू जे एकामागून एक लिहिलंयस ते वाचताना मला वाटलं ही बाई स्वतःवरच खटला भरून बसलीय. त्यातलं बरंचसं तुझ्या हातात नव्हतंच, आणि ज्याचा थोडाफार परिणाम होतो तोही तुला वाटतो तेवढा मोठा नाही. पण दोन गोष्टी आत्ता तुझ्या हातात आहेत आणि नेमक्या त्याच दोन तू भीतीपोटी उलट्या करतेयस. एक म्हणजे ते मलम, जे तू नावापुरतं लावतेस. आणि दुसरं शेंगदाणा आणि अंडं, जे तुम्ही सगळे मिळून तीन वर्षं लांब ठेवायचं म्हणताय. बाळाला जपायला म्हणून केलेल्या या दोन्ही गोष्टी त्याच्याच अंगाशी येऊ शकतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

घराण्याचं आधी संपवून टाकू. आईबापांपैकी एकाला दमा, एक्झिमा, सतत शिंका असं काही असेल तर मुलाचा धोका वाढतो, दोघांना असेल तर आणखी वाढतो, आणि तुमच्याकडे दोघांनाही आहे. पण वारशाने येतो तो फक्त कल, म्हणजे शरीराचा आयजीई नावाच्या अँटिबॉडी पटकन बनवायचा स्वभाव. बापाला दमा म्हणून बाळाला दमाच होईल असं नाही, आणि नणंदेच्या मुलाला अंड्याची म्हणून तुझ्या मुलाला अंड्याचीच असं तर अजिबात नाही. कुठल्या गोष्टीची ॲलर्जी होणार हे आईबापांकडून ठरून येत नाही, ते बाळाचं शरीर पहिल्या काही महिन्यांत कशाला, कुठून आणि कसं भेटतं यावर बरंच ठरतं.

आता मुद्दा त्या "कुठून"चा. 

तुझ्या बाळाच्या बाबतीत सगळ्यात मोठी रिस्क जी आहे ती सिझेरियनही नाही आणि दमाही नाही, ती त्याच्या गालावर आहे. त्वचेच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन असतं, ते त्वचा घट्ट विणलेली ठेवतं आणि आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. काही लोकांच्या जीनमध्येच या प्रोटीनची खोट असते, आणि अशांना एक्झिमा जास्त होतो हे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या टीमने 2006 मध्ये दाखवलं. खोट असो नसो, एक्झिमा झालेली त्वचा ही उसवलेली असते. आता डोळ्यासमोर आण, घरात कोणीतरी शेंगदाणे खाल्ले, हात नुसता झटकला, आणि येताजाता प्रेमाने बाळाच्या गालावरून फिरवला. त्या गालावर ओरखडे आहेत, कडेला पिवळसर खपली आहे, मध्ये ओलसर आहे. शेंगदाण्याचं प्रोटीन त्या ओल्या जागेतून सरळ आत जातं, आणि तिथे ज्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात त्या जळजळीमुळे आधीच चिडलेल्या असतात, त्या या नव्या पाहुण्याची नोंद शत्रू म्हणूनच करतात. बाळाने शेंगदाणा अजून चाखलेलाही नसतो, आणि शरीराने वैर धरलेलं असतं. घरातल्या धुळीत, गादीवरसुद्धा शेंगदाण्याचं प्रोटीन सापडतं, म्हणजे तुम्ही बाळाला ते भरवत नसलात तरी त्याची भेट होतच असते, फक्त चुकीच्या दाराने.

आणि बरोबर दार कुठलं तर तोंड. तोंडावाटे पोटात गेलेल्या अन्नाला शरीर आपलंसं करायला शिकतं, आतड्यांची रचनाच तशी आहे. ही मांडणी लंडनचे डॉक्टर गिडियन लॅक यांनी 2008 मध्ये केली, की त्वचेतून भेट झाली तर ॲलर्जी आणि पोटातून भेट झाली तर सहनशक्ती, आणि या दोन्हीत कोण पुढे जातं यावर पुढचं ठरतं. त्याच्याही आधी, 2003 मध्ये, त्यांच्याच टीमला दिसलं होतं की ज्या बाळांच्या चट्ट्यांवर शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीम लावली गेली होती त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. तेव्हा बाळाला काहीही लावताना ट्यूबमागची यादी वाच, खाण्याची वस्तू त्या उसवलेल्या त्वचेवर नको, कितीही नैसर्गिक म्हणून विकत असले तरी नको.

मेलबर्नमध्ये एक वर्षाच्या 5000 हून जास्त मुलांची तपासणी झाली होती, नुसती टेस्ट करून नाही तर प्रत्यक्ष ते अन्न खायला घालून. एक्झिमा असलेल्या बाळांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी एक्झिमा नसलेल्यांपेक्षा 11 पट निघाली आणि अंड्याची जवळजवळ 6 पट. शेंगदाणा, अंडं, तीळ यातली एक तरी ॲलर्जी एक्झिमावाल्या पाचातल्या एकाला होती, आणि एक्झिमा नसलेल्यांमध्ये पंचविसातल्या एकाला. एक्झिमा जितका लवकर सुरू झालेला आणि जितका जोराचा तितका धोका जास्त, तीन महिन्यांच्या आत सुरू झालेला आणि डॉक्टरांना स्टिरॉइड द्यावं लागलेला एक्झिमा असेल तर जवळपास निम्म्यांना. तुझं बाळ याच गटात बसतं, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण हेही बघ की याच गटातल्या निम्म्यांना ॲलर्जी नव्हती, आणि ती मुलं त्या काळातली होती जेव्हा लवकर खाऊ घालायची पद्धत नव्हती.

म्हणून ते मलम. जपानमध्ये 2 ते 3 महिन्यांच्या 650 एक्झिमावाल्या बाळांवर प्रयोग झाला, निम्म्यांना चट्टे दिसतील तिथे नेहमीसारखं मलम आणि निम्म्यांना पहिल्यापासून जोरदार उपचार, जिथे चट्टे नाहीत तिथेसुद्धा. सातव्या महिन्यात अंड्याची ॲलर्जी नेहमीच्या गटात 41.9 टक्के आणि जोरदार उपचाराच्या गटात 31.4 टक्के. त्वचा लवकर शांत केली की ॲलर्जीचं दार थोडं तरी बंद होतं हे यातून दिसलं. पण मी तुला अर्धी गोष्ट सांगणार नाही, त्या जोरदार गटातल्या बाळांचं वजन आणि उंची थोडी कमी भरली, त्यामुळे उठून वाट्टेल तितकं स्टिरॉइड थापायचं असा त्याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की डॉक्टरांनी जे दिलंय, जेवढं सांगितलंय, तेवढं पूर्ण लाव. तुझ्या मनात जी भीती आहे, त्वचा पातळ होईल वगैरे, ती कडक ताकदीची मलमं महिनोन्महिने लावल्याची भीती आहे, बाळाच्या चेहऱ्याला सौम्य ताकदीचंच देतात.

आणि नावापुरतं लावण्यात एक मोठा तोटा आहे, चट्टा अर्धवट बसतो, दोन दिवसांनी परत पेटतो, आणि हिशेब केला तर महिन्याभरात मलम जास्तच जातं आणि बाळ खाजवत राहतं ते वेगळंच. माप असं असतं. तुझ्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक पट्टी काढ. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि या वयाच्या बाळाच्या पूर्ण चेहरा आणि मानेला ते पुरतं, जिथे चट्टे आहेत तिथेच लावायचं त्यामुळे कमीही लागेल. लाली गेली म्हणून लगेच सोडू नकोस, डोळे मिटून हात फिरव, चट्ट्याची जागा आणि शेजारची चांगली जागा हाताला सारखीच मऊ लागायला लागली की मग डॉक्टरांना विचारून कमी कर.

मॉइश्चरायझर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं, आठवड्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम संपलं पाहिजे, दोन महिने एकच डबी पुरत असेल तर तू कमी लावतेयस. बिनवासाचं, घट्ट, आणि अंघोळ कोमट पाण्याची थोडक्यात उरकून अंग टिपून दोनतीन मिनिटांत, त्वचा दमट असतानाच. लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे, हे मी हात जोडून सांगते, आणि डबीत बोट घालायचं नाही, स्वच्छ चमच्याने काढायचं. कारण लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांना तीन महिन्यांच्या वयात जास्त वेळा क्रीम चोळलं जात होतं त्यांच्यात अन्नाची ॲलर्जी उलट जास्त होती, आणि संशय असा आहे की आईबापांच्या हातावरचं अन्नच क्रीमबरोबर आत चोळलं जात असावं. आणि तुझ्या मैत्रिणींपैकी कोणाला ठणठणीत त्वचेचं बाळ असेल तर त्यांनी ॲलर्जी टळावी म्हणून रोज क्रीम लावण्यात काही अर्थ नाही, ब्रिटनमध्ये 1394 बाळांवर हे करून बघितलं, 2020 मध्ये निकाल आला, एक्झिमा टळला नाही. तुझ्या बाळाला मात्र तो उपचार आहे.

आता सासूबाईंचं. त्यांच्यावर रागावू नकोस, कारण त्या जे म्हणतायत ते त्यांनी मनाने काढलेलं नाही, आम्हीच सांगितलेलं आहे ते. 2000 साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांसाठी सल्ला दिला की गायीचं दूध एक वर्षापर्यंत नको, अंडं दोन वर्षांपर्यंत नको, शेंगदाणे, इतर कवचाची फळं आणि मासे तीन वर्षांपर्यंत नकोत. तो तीन वर्षांचा आकडा तिथून आलाय. माझ्या टेबलाच्या खणात त्याची झेरॉक्स असायची, मी स्वतः तो कागद कितीतरी आईबापांच्या हातात दिलाय, पेनने "3 वर्षे" भोवती गोल करून. कोणाकडे काही पक्का पुरावा नव्हता, टाळलं तर बरं असा सगळ्यांचा समज होता. 2008 मध्ये अकादमीनेच तो सल्ला मागे घेतला. तो खण रिकामा केला त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं, आणि तेव्हापासून ज्या ज्या आईला भेटते तिला हे सांगते.

त्याच वर्षी एक गोष्ट समोर आली होती. ब्रिटनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं, वंश सारखाच, पण ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी 10 पट. फरक काय तर इस्रायलमध्ये बाळं वर्षाच्या आत शेंगदाण्याचा खाऊ खायला लागतात आणि ब्रिटनमध्ये आईबाप टाळत होते. त्यावरून लॅक यांच्या टीमने 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली, सगळी जोराच्या एक्झिमाची किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे तुझ्या बाळासारखीच, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाने पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा पूर्ण टाळायचा, दुसऱ्याने दर आठवड्याला खायचा. 2015 मध्ये निकाल आला. सुरुवातीला ज्यांची टेस्ट निगेटिव्ह होती त्यांच्यात टाळणाऱ्या गटातल्या 13.7 टक्के मुलांना ॲलर्जी झाली आणि खाणाऱ्या गटात 1.9 टक्के. ज्यांची टेस्ट आधीच थोडी पॉझिटिव्ह होती त्यांच्यातसुद्धा 35.3 आणि 10.6. आणि ही मुलं बारातेरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, 2024 मध्ये ते आलं, तेव्हाही लहानपणी खाल्लेल्या गटात ॲलर्जी 71 टक्क्यांनी कमी होती, मधल्या काळात मनाला येईल तसं खाल्लं न खाल्लं तरी. सासूबाईंना हे आकडे वाचून दाखव, नुसतं "आता नवीन निघालंय" म्हणू नकोस, त्याने कोणाचंच समाधान होत नाही.

अंड्याचंही तसंच, जपानमध्ये 147 एक्झिमावाल्या बाळांपैकी निम्म्यांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पावडर अगदी चिमूटभर रोज दिली, सगळ्यांचा एक्झिमा आधी नीट आटोक्यात आणून, आणि एक वर्षाला ॲलर्जी 8 टक्के, न दिलेल्यांत 38 टक्के. शिजवलेलं हा शब्द महत्त्वाचा आहे, कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं देऊन केलेल्या प्रयोगांत बाळांना रिॲक्शन आल्या होत्या.

पण थांब, हे वाचून उद्या सकाळी चमचा घेऊन बसू नकोस. तुझं बाळ जोराच्या एक्झिमाचं आहे, अशा बाळाला शेंगदाणा 4 ते 6 महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो हे खरं, पण आधी डॉक्टरांना भेटून, फक्त शेंगदाण्याची (आणि ते म्हणाले तर अंड्याची) त्वचेवरची किंवा रक्ताची टेस्ट करून, आणि टेस्टमध्ये काही आलं तर पहिला घास त्यांच्यासमोर. म्हणजे भेट लांबवू नकोस, या आठवड्यातलीच वेळ घे. आणि बाळ तयार हवं, मान धरतंय, आधाराने बसतंय, चमचा जिभेने बाहेर ढकलत नाहीये, आणि आधी एकदोन साध्या गोष्टी खाऊन झाल्यात.

घरी द्यायला सांगितलं तर कसं ते सांगते. दिवस असा निवड की बाळाला सर्दीताप नाही, आणि पुढचे दोन तास तुला दुसरं काम नाही. सकाळी दे, झोपायच्या वेळी नको. तोंडाभोवती आधी मॉइश्चरायझरचा थर दे म्हणजे अन्न चट्ट्यांना लागून उगाच लाल होणार नाही. शेंगदाण्याची एकदम मऊ पेस्ट, तुझं दूध किंवा कोमट पाणी घालून ताकासारखी पातळ केलेली, चमच्याच्या टोकावर जेवढी राहील तेवढी जिभेवर. दहा मिनिटं थांब, त्याच्याशी खेळ, बघत राहा. काही नाही तर मग हळूहळू बाकीची. अख्खा शेंगदाणा किंवा तुकडा पाच वर्षांपर्यंत कधीच नाही, तो घशात अडकतो, तो वेगळाच जिवाचा धोका आहे. आणि एकदा सुरू केलं की सोडायचं नाही, आठवड्यातून तीनदा दोन-दोन छोटे चमचे पेस्ट असं चालू ठेवायचं. बरेच जण इथे चुकतात, एकदा चाखवलं, काही झालं नाही, सुटलो म्हणतात आणि पुढे तीन महिने काही देत नाहीत, आणि त्या तीन महिन्यांत गालाचं दार उघडंच असतं.

रिॲक्शन बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. तोंडाभोवती थोडं लाल होणं वेगळं, ते पुसलं की जातं. अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, लागोपाठ उलट्या असं झालं तर ते अन्न थांबवून डॉक्टरांना लगेच फोन. खोकला लागला, घरघर, आवाज बसला, पांढरं पडलं, मलूल झालं, मान टाकली तर सरळ हॉस्पिटल, बाळाला आडवं ठेवून, उभं धरायचं नाही. तिथे मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन देतात आणि तेच खरं औषध आहे, ॲलर्जीचं सिरप देऊन वाट बघत बसायचं नाही. आणि एक प्रकार असा असतो की दोनतीन तासांनी नुसत्या उलट्यांवर उलट्या होतात, पुरळ वगैरे काही नाही, तेव्हा पोट बिघडलं समजून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांना सांग काय खाल्लं होतं ते.

सगळ्या ॲलर्जींची ती रक्ताची टेस्ट कृपा करून करू नकोस. एक्झिमावाल्या मुलांच्या रक्तात आयजीई असंही भरपूर असतं, त्यामुळे दहा गोष्टींपुढे पॉझिटिव्ह लिहून येतं आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी मूल आरामात खाऊ शकलं असतं. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने ओळख ठेवलीय एवढंच, ॲलर्जी म्हणजे खाल्ल्यावर त्रास होणं. मी अशी मुलं बघितलीत की त्या एका कागदापायी गहू, दूध, अंडं, डाळी सगळं बंद, मूल खंगलेलं, आणि टाळता टाळता जे आधी पचत होतं त्याचीच खरी ॲलर्जी होऊन बसलेली.

तुझ्या स्वतःच्या ताटाचं बोलायचं तर सगळं परत सुरू कर. आईने गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना अंडं, दूध, शेंगदाणे सोडल्याने बाळाची ॲलर्जी टळते याला पुरावा नाही, अकादमीने 2019 च्या अहवालात हे पुन्हा स्पष्ट लिहिलंय. फक्त तू अमुक खाल्लंस की बाळाला दरवेळी त्रास होतो किंवा शीतून रक्त पडतं असं काही असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना सांग. तू तीन महिन्यांची जागी आहेस, पाजतेयस आणि वर उपाशी, हे नाही चालणार. अंगावरचं दूध चालूच ठेव, पहिले तीनचार महिने नुसतं आईचं दूध मिळालं तर पहिल्या दोन वर्षांत एक्झिमा थोडा कमी दिसतो, अन्नाच्या ॲलर्जीवर त्याचा तसा खात्रीचा परिणाम दिसलेला नाही, पण दूध पाजायला इतर शंभर कारणं आहेत.

ॲसिडिटीच्या औषधाबद्दल मात्र मला बोलायचंय. अमेरिकेत जवळजवळ 8 लाख मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या, 2018 मध्ये ते छापून आलं, पहिल्या सहा महिन्यांत ॲसिड कमी करणारं औषध मिळालेल्यांत पुढे अन्नाची ॲलर्जी दुपटीहून जास्त निघाली. अँटिबायोटिक मिळालेल्यांत दमा दुपटीच्या आसपास. हा संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही, पण विचार केला तर पटतं, पोटातलं ॲसिड अन्नातल्या प्रोटीनचे तुकडे करतं आणि ते ॲसिडच कमी केलं तर तुकडे मोठे राहतात. अँटिबायोटिक तुझ्या बाळाला लागलं असेल तर लागलं, न देऊन चाललं नसतं, पुढच्या वेळी साध्या सर्दीला मात्र मागू नकोस. पण ॲसिडिटीचं औषध अजून गरजेचं आहे का हे विचारच. बाळ दूध उलटतं, हसतं, वजन वाढतंय, तर बहुतेकांना औषध लागतच नाही, वयानुसार आपोआप कमी होतं. स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, विचारून कर.

सिझेरियनचं दोन वाक्यांत. नॉर्मल डिलिव्हरीत आईकडून जे जंतू बाळाला मिळतात ते थोडे उशिरा मिळतात आणि दम्याचा धोका किंचित वाढलेला दिसतो, पण ते झालेलं आहे, तुझा आणि बाळाचा जीव सांभाळायला झालेलं आहे, त्यावर आता रात्री जागायचं नाही.

तू लिहिलं नाहीस पण मी विचारते, घरात कोणी सिगरेट ओढतं का? बाहेर जाऊन ओढून आले तरी कपड्यांवर, केसांवर ते येतं आणि बाळ त्याच छातीवर डोकं टेकून झोपतं. ज्या बाळाच्या बापाला दमा आहे त्याच्या छातीत घरघर सुरू व्हायला धुरासारखं दुसरं काही नाही. इथे मी कोणतीही सूट देणार नाही, पाहुण्यांनाही नाही.

आणि घर फिनेलने घासून काढू नकोस गं. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी 17 हजारांहून जास्त ब्रिटिश मुलांच्या नोंदी बघितल्या तेव्हा ज्यांना मोठी भावंडं जास्त त्यांना शिंकांची ॲलर्जी कमी असं दिसलं, आणि तिथून ही कल्पना आली की लहानपणी साधे जंतू भेटायला हवेत. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना 2016 मध्ये आली, दोघांचे पूर्वज युरोपच्या एकाच भागातले, पण आमिश अजून घराजवळच्या छोट्या गोठ्यात जनावरांबरोबर वाढतात आणि हटराइटांची शेती यंत्रांची, तर शाळकरी मुलांत दमा आमिशांकडे 5 टक्के आणि हटराइटांकडे 21 टक्के. म्हणून कोणी गोठा बांधायला जाऊ नये, पण रांगणारं बाळ जमिनीवर रांगू दे, चुलत-आते भावंडांना हात धुवून त्याच्याशी खेळू दे.

मांजर पण राहू दे. मांजरांबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, काहींत फायदा दिसतो, काहींत फिलॅग्रिनची खोट असलेल्या बाळांना एक्झिमा जास्त दिसतो, त्यामुळे ॲलर्जी टाळायला म्हणून मुद्दाम आणू नये आणि घरातली देऊनही टाकू नये. फक्त बाळाच्या पाळण्यात, गादीवर तिला झोपू देऊ नका, आणि तिला कुरवाळून झालं की हात धुवायचे. पुढे तिच्याजवळ गेल्यावर चट्टे किंवा शिंका वाढताना दिसल्या तर तेव्हा बघू.

आज रात्रीपासून मलम पुऱ्या मापाने सुरू कर, नवऱ्याला एक वेळ वाटून दे म्हणजे तुला सलग चार तास झोप मिळेल. डॉक्टरांकडे जाताना चट्ट्यांचे फोटो दिवसाउजेडी काढून ने, कारण नेमकं त्या दिवशी गाल बरा दिसतो. आणि दोन आठवड्यांनी मला कळव, गाल कसा आहे आणि टेस्टमध्ये काय आलं ते.